दोन उपास, चार गोळ्या

सोयाबीनचा पाला पिवळा पडून गळायला लागला, की माझ्या तोंडात लोखंडाची चव येते. रक्तवाढीची ती तांबडी गोळी बंद होऊन कितीतरी महिने झाले, तरी येते. आज सकाळी वावरात गेले. शेंगा हाताला खुळखुळ वाजत होत्या, धुऱ्यावरचं, बांधावरचं गवत वाळून त्याचा गोडसर वास सुटला होता, सोंगणी चार-आठ दिवसांवर आली होती आणि जीभ एकदम कसनुशी झाली. मी तिथंच थुंकले. मजूर बायांना वाटलं, काही चावलं की काय. काय सांगणार त्यांना? मागच्या वर्षीचं नवरात्र चावलं म्हणून?

मला अजूनही त्या दिवसांचा नीट उलगडा होत नाही. एरवी माझं डोकं ठिकाणावर असतं. शेलूबाजारच्या बाजारात माझ्याकडून कोणी एक जुडी फुकट नेऊन दाखवावी! पण त्या एका मोसमात मला साधं हे कळेनासं झालं होतं, की आता आपण खायचं आहे की नाही खायचं. तोंड उघडायच्या आधी मी विचार करायची. विचार करता करता भूक मरून जायची. मग वाटायचं, चला, एक प्रश्न मिटला.

झालं असं, की मागच्या पावसाळ्यात मला फार अंगावर जायला लागलं. महिना संपायचा नाही आणि पाळी संपायची नाही. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी पोटाचा फोटो काढला, गर्भपिशवीत गाठ आहे म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल म्हणाल्या. पण लगेच नाही. अंगात रक्तच नव्हतं. "एवढ्या रक्तावर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही," असं त्या सरळ बोलल्या. वर साखर काठावर, वजन जास्त. रक्त कमी आणि वजन जास्त, हे एकाच बाईचं कसं असू शकतं, हे मी त्यांना विचारलंसुद्धा. त्या हसल्या आणि त्यांनी विचारलं, "घरी पालेभाज्या खाता का?"

"विकतो," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. आमच्या विहिरीजवळ भाजीपाल्याचा तुकडा आहे. पालक, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, दोन वाफे आंबट चुका. पहाटे जुड्या बांधायच्या, पोतं ओलं करून त्यात भरायच्या, आणि काळीपिवळी जीपच्या टपावर टाकून शेलूबाजारला पाठवायच्या. घरी काय, तर उरलंसुरलं. उरतच नाही. उरला तर पिवळा पडलेला पाला, तो गाय खाते. आमच्या गाईचं रक्त तपासलं असतं तर छान निघालं असतं.

तर डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. चार प्रकारच्या. तांबडी रक्ताची, म्हणजे लोहाची. पांढरी मोठी कॅल्शियमची, घशात आडवीच बसणारी. गुलाबी बारकी बी-ट्वेल्वची. आणि पिवळी पारदर्शक कॅप्सूल डी जीवनसत्त्वाची, आठवड्यातून एकदा. कोणती कधी, ते त्यांनी सांगितलं होतं. त्या सांगत होत्या आणि मी मान हलवत होते, पण माझं लक्ष 'टेबल' या शब्दापाशी अडकून बसलं होतं. घरी येईपर्यंत मला फक्त रंग आठवत होते.

घरी आल्यावर धाकट्या बहिणीला फोन केला. वैशाली नागपूरला असते, ती चार वर्षं शहरात राहिली आणि सगळ्या आजारांची तज्ज्ञ झाली. ती म्हणाली, "ताई, तुही साखर काठावर हाय ना, मंग तू सोळा-आठ कर. सोळा घंटे पोट खाली ठेवाचं, आठ घंट्यांत जे खायाचं ते खायाचं. माहं वजन किती उतरलं पाह्यलं ना तू?" पाहिलं होतं. गालफडं आत गेली होती तिची. पण ते मी बोलले नाही, कारण मला माझीही गालफडं थोडी आत गेलेली चालणार होती. रक्ताचं तिला सांगितलं, तर म्हणाली, "त्याच्यासाठी गोळ्या हायेत ना!" मलाही पटलं. गोळ्या रक्ताचं बघतील, उपास वजनाचं बघेल, आपण मधल्या मधे सोयाबीनचं बघू.

गणपती बसले आणि मी सुरू केलं. दुपारी बारापासून रात्री आठपर्यंत तोंड उघडं, बाकी बंद. सकाळच्या भाकरीची सवय जन्माची. वावरात नऊ-दहाला बाया न्याहारीला बसायच्या, फडकी सोडायच्या, ज्वारीची भाकर, ठेचा, वर कच्चं तेल. त्या वासानं माझं पोट आतून हाक मारायचं. "ये वं वहिनी, बस जेवाले." मी म्हणायची, उपास हाय. "आज कोन्ता उपास? आज तं बुधवार हाय." मी पाणी प्यायला उठायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी एकीनं पिच्छाच पुरवला, "कोन्त्या देवाचा करून राह्यली, सांगत काहून नाहीस?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मोबाईलचा!" बायांना हसून हसून ठसका लागला. पुढं सगळ्या गावात तेच नाव पडलं. 'मोबाईलचा उपास.' आमच्या ह्यांनाही लोक पारावर विचारायचे, की तुमच्या घरी मोबाईलची आरती किती वाजता असते.

आमचे हे म्हणजे प्रल्हादराव. बोलणं कमी, खाणं दणकून. सूर्य उगवायच्या आत त्यांना दोन भाकरी लागतात, दहाला दोन, दुपारी तर मोजायचंच नाही. उपाशी राहणं हा प्रकार त्यांना माणसाचा वाटतच नाही. एकादशीला गावातल्या अर्ध्या पुरुषांना उपास असतो, हे मात्र त्या दिवशीही दोन्ही वेळा खातात. मी सकाळी त्यांना वाढून समोर रिकामी बसले, की त्यांचा घास हातात थांबायचा. "नुस्ती पाहून राह्यली, खात काहून नाही?" "बाराले खाईन." "बाराले काय सोनं होते का भाकरीचं?" मी चिडायची. खरं तर मलाही माहीत नव्हतं बाराला काय होतं ते.

आणि गोळ्यांचा घोळ तर विचारूच नका. तांबडी गोळी उपाशीपोटी जास्त लागू पडते, हे मला डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातलं आठवत होतं. म्हणजे सकाळी. पण सकाळी तर तोंड बंद! गोळीनं उपास मोडतो का? वैशाली म्हणाली, नुसती गोळी चालते, साखरेचं आवरण असलेली चालत नाही. आता ते आवरण साखरेचं की कशाचं, हे कसं कळायचं? मी एक गोळी चाटून पाहिली. काही कळलं नाही, जीभ तेवढी लाल झाली. कॅल्शियमची जेवणानंतर, पण तांबडीपासून दूर, म्हणजे दोघींचं एकमेकींशी पटत नाही. डीची कॅप्सूल दूध-तुपाच्या जेवणासोबत. वजन उतरवायला मी तूप सोडलं होतं. म्हणजे कॅप्सूलसाठी तूप खायचं, आणि तूप खाल्लं म्हणून उपास लांबवायचा, आणि उपास लांबला म्हणून अशक्तपणा, आणि अशक्तपणासाठी गोळी. मी परसात बादलीवर बसून हा हिशोब लावायची आणि मला गरगरायचं. आता ते हिशोबानं गरगरायचं की रक्त कमी म्हणून, तेही कळायचं नाही.

पित्तरपाट सुरू झाला तेव्हा बरं वाटलं. पित्तराची जेवणं दुपारचीच असतात. कढी, वडे, खीर, गवाराची भाजी. मेलेल्या माणसांना माझी वेळ बरोबर माहीत होती. रोज कोणाकडे तरी आवतण, रोज बारा वाजून गेल्यावर पान. त्या पंधरवड्यात मी मोबाईलचा उपास इतका चोख पाळला, की वजन थोडं वाढलं.

मग नवरात्र आलं.

आता हे आमच्या घरचं सांगायला पाहिजे. आमच्याकडे नवरात्रात घरात एक उपास असतो. सगळ्यांनी नाही, एकानं. पण जो धरतो त्यानं नऊही माळा धरायचा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात सासूबाईंनी मला घटासमोर बसवलं, माझ्या ओंजळीत पाणी घातलं आणि म्हणाल्या, "माह्यानं आता होत नाही. आजपासून हा उपास तुहा." एवढंच. त्यांनी दुसरं काही दिलं नाही मला. पाटल्या मोठ्या नणंदेला गेल्या, चुलीजवळची जागासुद्धा त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. पण उपास दिला, आणि तो मी बाळंतपणात सोडला नाही, तापात सोडला नाही. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, तोही माझ्या मनात त्या उपासानंच लागला. वावर ह्यांचं, विहीर ह्यांची, घर त्यांच्या बापाचं. नवरात्र माझं होतं.

तर आता माझ्याकडे दोन उपास झाले. देवीच्या उपासाला साबुदाण्याची उसळ चालते, भगर चालते, शेंगदाणे, राजगिरा, दूध चालतं, आणि दिवसभर कधीही चालतं. मोबाईलच्या उपासाला भाकर चालते, वांगं चालतं, पण बारा ते आठच. मी दोन्ही धरले. म्हणजे बारा ते आठ, आणि तेही साबुदाणा. शहाण्या बाईनं एक सोडला असता. पण मला वाटत होतं, टेबलावर जायचं आहे तर दोन्हीकडून पुण्य गाठीशी असलेलं बरं.

या दोन्ही उपासांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ती म्हणजे कोरा चहा. देवीला चालतो, वैशालीलाही चालतो. पहाटे उठलं की कोरा चहा, जुड्या बांधताना कोरा चहा, वावरात कोरा चहा. आणि तांबडी गोळी मी त्याच चहासोबत घ्यायची. आमच्याकडे गोळी चहासोबतच घेतात, माझी आई तशीच घ्यायची, हेही तशीच घेतात. नुसत्या पाण्यानं गोळी घेणं म्हणजे दवाखान्यात भरती असलेल्या माणसाचं काम. वर मला वाटायचं, गरम आहे, लवकर विरघळेल.

पिवळ्या कॅप्सूलचा फैसला शेजारच्या शांताकाकूंनी केला. उपासाला काय चालतं आणि काय नाही, यात गावात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी कॅप्सूल उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्याचं टरफल जनावराच्या हाडाचं असते म्हंतात. नवरात्रात पोटात नको जाऊ देऊ, माय." मी घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. ह्यांनी कॅप्सूल उलटीपालटी करून पाहिली. "टाचणीनं भोक पाड, आतलं तेल राजगिऱ्याच्या लाडवावर पीळ, टरफल फेकून दे." आणि आम्ही ते केलं. दोन शहाणीसुरती माणसं, पन्नाशीला आलेली, चुलीसमोर बसून लाडवावर कॅप्सूल पिळत होती. अर्धं तेल ह्यांच्या बोटाला लागलं, ते त्यांनी चाटून टाकलं. "खराब कायले करा?" त्या आठवड्याचं अर्धं जीवनसत्त्व ह्यांना मिळालं.

घट बसायच्या दिवशी पहाटेच मला अंगावर जायला लागलं. आधीचं थांबून आठवडाही झाला नव्हता. मी न्हाणीत भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले, चांगलं हुंदके देऊन. घटाला हात लावायचा नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं, तारखा नेहमी चुकवून जायच्या. घरात दुसरी बाई नाही. घट ह्यांना बसवावा लागला.

मी देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसून सांगत होते. काळी माती पसरा, गहू पेरा, वर पुन्हा माती, मग कलश. हे गुडघ्यावर बसले होते, धोतराचा सोगा मातीत लोळत होता. पाणी घालायची वेळ आली आणि ह्यांनी अख्खा तांब्या ओतला. "अवो, हळू! भिजवणी नाही ते!" "वावर कोन पाह्यते? मले पेरणी शिकवून राह्यली?" पण कलशावरचा नारळ त्यांनी तीनदा ठेवून तीनदा उचलला. मला ते दिसलं. मी टेबलाचं नाव घेतलं नव्हतं त्या दिवशी, त्यांनीही नव्हतं.

पाचव्या माळेला वाशिमला गेलो, रक्त पुन्हा तपासायला. सोंगणी तोंडावर होती, ढग फिरत होते, मजूर मिळत नव्हते, तरी हे सोबत आले. कागद बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. रक्त वाढलं नव्हतं. होतं त्याहून उतरलं होतं.

"गोळ्या घेता ना?"

"एकही चुकवली नाही," मी म्हणाले, आणि ते खरं होतं.

"कशासोबत घेता?"

"चहासंग."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग हळूहळू सगळं विचारून काढलं. सोळा-आठ निघालं, साबुदाणा निघाला, लाडवावरची कॅप्सूलसुद्धा निघाली. त्या हसल्या नाहीत, आणि मला त्याचीच भीती वाटली. चहा लोहाला अंगाला लागूच देत नाही, म्हणाल्या. एवढे दिवस गोळ्या पोटात गेल्या आणि बऱ्याचशा तशाच बाहेर. आणि साबुदाण्यात रक्त वाढवणारं जवळजवळ काही नसतं. एवढं रक्त जात असताना उपाशी राहायचं नसतं. "तांबडी लिंबूपाण्यासोबत घ्या. कॅल्शियम जेवणासोबत, वेगळ्या वेळेला. दोन वेळा पोटभर जेवा, तुमचा तो पालक विकू नका, खा. आणि दोन्ही उपास आजच्या आज सोडा. रक्त असंच उतरत गेलं तर मला बाहेरचं रक्त चढवावं लागेल, ऑपरेशन पुढं ढकलावं लागेल, आणि पुढं ढकलणं तुम्हाला परवडणारं नाही."

काळीपिवळीत मी ह्यांच्या शेजारी दाटून बसले होते. बाहेर पिवळी वावरं मागं पळत होती. मोबाईलचा उपास मी तिथंच सोडला, वैशालीला कळवलंही नाही. दुसऱ्याचं काय? मनात एकच गोष्ट फिरत होती. उपास धरला तर रक्त वाढणार नाही, आणि टेबलावर मरेन. उपास सोडला आणि टेबलावर गेले, आणि तिथं काही झालं, तर सगळे म्हणतील, नवरात्र मोडलं होतं बिचारीनं. लोकांचं जाऊ द्या, मीच म्हणेन, मरता मरता म्हणेन. मला मरायची भीती वाटत होती. देवीची वाटत होती, डॉक्टरीणबाईंची वाटत होती, आणि यातली कोणती खरी हे कळत नव्हतं. देवी एवढी खुनशी असेल का, की चार पालकाची पानं खाल्ली म्हणून बाईला उचलून नेईल? नसेल. पण नसेलच, असं कोणी सांगावं?

घरी आल्यावर ह्यांनी हातपाय धुतले आणि सरळ शांताकाकूंकडे गेले. मी मागून गेले. ह्यांनी आयुष्यात त्यांना उपासाबद्दल एक शब्द विचारला नव्हता. दारातूनच म्हणाले, "काकू, घरचा उपास एकाचा दुसऱ्यानं उचलला तं चालते का?"

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "चालते. घरचाच मानूस पायजे. पन मंग तो उपास त्याचा होते, प्रल्हाद. मधातच सोडता येत नाही."

"मंग झालं."

"तुमच्यानं नाही होनार!" मी ओरडलेच. "सोंगनी हाय उद्यापासून!"

"पाहू," हे म्हणाले.

संध्याकाळी आरतीच्या वेळी ते घटासमोर बसले. मी उंबऱ्याबाहेर. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही, आणि पाणी ताम्हनात सोडलं. मग मागं वळून म्हणाले, "आता जेव." मी चुलीपाशी गेले. पालक धुतला, घरचा, बाजारचा नाही. लसूण घातला, ज्वारीची भाकर थापली, लिंबू चिरलं. पाच माळा अन्न शिजवलं नव्हतं मी स्वतःसाठी. पहिला घास घेतला आणि तो गालात फिरत राहिला, कारण समोर हे साबुदाण्याची थाळी घेऊन बसले होते आणि एकेक दाणा औषधासारखा गिळत होते.

"मले नको पाहू. जेव."

ते चार दिवस मला आठवतात ते सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी. वावरात सोयाबीन सोंगून पडलेलं, विळ्यांचा करकर आवाज, आणि दहा वाजता बाया न्याहारी सोडतात तेव्हा हे उठून विहिरीकडे निघून जातात. मी धुऱ्यावर बसून भाकर खाते, सगळ्यांच्या देखत, आणि लाजेनं माझं तोंड खाली. "उपास सुटला का वं मोबाईलचा?" "सुटला." "अन् देवीचा?" मी विहिरीकडे बोट दाखवते. त्या बाया विहिरीकडे पाहतात आणि फडकी जरा लवकरच बांधतात. एकदा ह्यांना गंजी रचताना भोवळ आली, ताडपत्रीवर बसले, घामानं निथळत. मी पाणी घेऊन धावले. "सोडा म्हंते मी! देवी मले पाहून घेईन, तुमी सोडा!" "चूप बस. गोळी घेतली का लिंबासंग?" रोज दिवसातून तीनदा विचारायचे, "उपासाले कांदा नाही चालत ना? मुंगाचे भजे? बरं, मिर्ची चालते ना?" शेलूबाजारला माल टाकायला गेले तर सवयीनं हॉटेलातलं भजं हातात घेतलं, आठवलं, आणि तसंच ठेवून दिलं. घरी येऊन मला सांगितलं नाही, घटासमोर जाऊन सांगितलं. मी बाहेरून ऐकलं. "हात लावला होता, तोंडात नाही टाकलं. पाहून घेजो."

मला हसू आलं होतं आणि रागही आला होता. हा राग कशाचा होता, ते तेव्हा कळलं नाही.

दसरा झाला, घट हलला, सोयाबीन घरात आलं. रक्त हळूहळू चढलं. दिवाळीनंतर थंडी पडल्यावर डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर घेतलं आणि पिशवी काढली. मी जिवंत आहे, हे लिहून दाखवायची गरज नाही. आता अंगावर जाणं नाही, विटाळ नाही, हा घट आता कोणत्याच वर्षी माझ्या हातून सुटायचा नाही. पांढरी गोळी तेवढी राहिली आहे. वैशालीचा परवाच मेसेज आला की सोळा-आठ जुनं झालं, आता दिवसातून एकदाच जेवायचं. मी उत्तर दिलं नाही.

काल घट बसायचा आदला दिवस. मी घर सारवलं, काळी माती चाळून ठेवली, साबुदाणा भिजत घातला. रात्री हे जेवत होते, आणि मी सहज म्हणावं तसं म्हणाले, "उद्यापासून माहा उपास मले वापस द्या."

ह्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "नाही."

"काहून नाही? आता मी धडधाकट हाय. मागच्या साली तुमी उचलला, लय झालं, उपकार झाले."

"उपकार नाही ते." त्यांनी तो तुकडा तसाच ताटात ठेवला. मग खाली पाहूनच बोलले. "तवा पानी सोडलं ना, तवा म्हनलं होतं. ही टेबलावरून उठून घरी आली तं हा उपास जलमभर माहा. अर्ध्यासाठी नोता उचलला."

मी भांडले. खरं सांगते, मी कडाकडा भांडले. मला न विचारता देवीला बोललेच कसे? उपास माझा होता. सासूबाईंनी माझ्या ओंजळीत घातला होता, ह्यांच्या नाही. ह्या घरात एवढीच एक गोष्ट माझ्या नावावर होती, आणि तीही ह्यांनी नेली, आणि नेली ती मला जगवायला. मग भांडायचं कोणाशी? मागच्या वर्षीचा राग मला काल कळला. तो ह्यांच्या चांगुलपणाचा राग होता. ह्या रागाला तोंड नाही, कोणाला सांगताही येत नाही. बाया म्हणतील, असा नवरा मिळायला भाग्य लागतं. लागतंच. मी कुठं नाही म्हणते?

आज मी घट बसवला. गहू पेरले, बेताचं पाणी शिंपडलं, नारळ एकदाच ठेवला, नीट बसला. आरती झाली. ह्यांनी घटासमोर बसून ओंजळ सोडली आणि उठून ओसरीत कोरा चहा घेऊन बसले. आज दिवसभर साबुदाणा आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसत होतं. मी चुलीपाशी उभी राहिले. पोटात भूक होती आणि ती नवरात्राच्या सकाळची माझी रोजची, ओळखीची भूक होती. वाटलं, चोरून धरावा. कोणाला कळणार? मी नुसती जेवलेच नाही तर?

पण मी जेवले नाही, तर तो माणूस तिथं ओसरीत कोणासाठी उपाशी बसला आहे?

एकटीपुरती भाकर थापली. मेथी परतली. पान वाढून घेतलं आणि ओसरीत त्यांच्यासमोरच जाऊन बसले. त्यांनी चहाच्या कपावरून पाहिलं. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं, तरी मी पोटभर जेवले.